जरा इकडे पाहा!

पूर्वी लग्न जमवायचे म्हणजे मुलीचा फोटो लागत असे. त्यासाठी तिला ठेवणीतले पातळ नेसवून स्टुडिओत नेत. मागे रंगवलेल्या कारंज्याचा पडदा, शेजारी तिपाई, तिपाईवर कागदी फुलांची फुलदाणी आणि काळ्या बुरख्यात डोके खुपसून उभा असलेला फोटोग्राफर, असा सारा थाट असे. "जरा इकडे पाहा, हं, हनुवटी थोडी वर, हसू नका... तसे थोडे हसा!" या सूचनांत मुलगी अगदी घामाघूम होऊन जाई. फोटो पसंत पडला की मंडळी पाहायला येत आणि जिना उतरता उतरता कुजबुजत, "फोटोतल्यासारखी नाही हो मुलगी!" याच्या उलटही पुष्कळदा घडे. प्रत्यक्षात दहाजणींत उठून दिसणारी मुलगी फोटोत पार बुजून जाई. मग घरची माणसे सांगत, "तिचा फोटो चांगला येत नाही." यात दोष मुलीचा की फोटोचा, हे आपल्या भाषेने मोठ्या खुबीने मोघम ठेवले आहे.

मुलींची ही परीक्षा आता बरीच कमी झाली, पण त्यांच्या जागी गावे आली आहेत. हल्ली प्रवासाला निघण्यापूर्वी कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" हा नव्हे, "तिथे फोटो कसे येतात?" हा. गावांनाही आता दाखवायला बसावे लागते. निळी भिंत, बुटकासा दरवाजा, दरवाजाशी मांजर आणि उन्हाची तिरीप, एवढे ज्या गावापाशी आहे ते पसंत. ज्याच्यापाशी नाही, त्याला नारळ!

आमच्या शेजारचे एक कुटुंब गेल्या वर्षी मोरोक्कोला जाऊन आले. आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी हा देश वसलेला आहे. सोलापूरच्या माणसाने मोरोक्कोला जावे, याचे आम्हांला कौतुकच वाटले. परत आल्यावर त्यांनी आम्हां उभयतांना चहाला बोलावले आणि दूरदर्शन संचाला मोबाईल जोडून सारे फोटो दाखवले. फोटो खरोखरीच सुरेख होते. शेफशावेन नावाचे डोंगरकुशीतले गाव, तेथील घरे, पायऱ्या, गल्ल्या सगळ्या निळ्या. आयत बेनहद्दू हे मातीच्या विटांचे तटबंदीचे गाव. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव आले आणि कितीतरी इंग्रजी चित्रपटांची चित्रणे तेथे झाली. फेझ शहरातले चामडे कमावण्याचे कुंड तर रंगाऱ्याच्या पेटीतल्या वाट्यांसारखे दिसत होते. कुठे पिवळा, कुठे तांबडा, कुठे दुधासारखा पांढरा.

"हे पाहायला गच्चीवर गेलो ना, तेव्हा त्यांनी हातात पुदिन्याची काडी दिली," वहिनी म्हणाल्या.

"ती कशासाठी?" आमच्या सौ.नी विचारले.

"नाकाला लावायला! असा वास मारत होता म्हणून सांगू! कातडी मऊ करायला कबुतरांची विष्ठा घालतात म्हणे त्या कुंडांत. आणि ती माणसं दिवसभर त्यातच उभी."

फोटोत वास येत नाही. कुंडात मांडीपर्यंत उतरलेली माणसेही त्या फोटोत रंगांच्या ठिपक्यांएवढीच दिसत होती. तो फोटो सर्वांत सुंदर होता, हे मात्र कबूल केले पाहिजे.

निघताना शेजारी सहज बोलून गेले, "प्राध्यापक, आपल्या सोलापुरात बघा, फोटो काढावा असं एक ठिकाण नाही!" हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो आणि पुढे वर्षभर ते घोळवीत राहिलो. या लेखात त्या वाक्याचेच उत्तर द्यावयाचे योजिले आहे.

आता सोलापूरची कीर्ती काय आहे, ते आम्हांस ठाऊक आहे. ऊन, धूळ, चादर आणि शेंगाची चटणी! पुण्याचा पाहुणा येथे उतरला की पहिल्यांदा कपाळाचा घाम पुसतो आणि मग नमस्कार करतो. पण फोटोला लागते काय? प्रकाश. आणि तो तर देवाने आम्हांला पदरात मावेनासा दिलेला आहे. फक्त दुपारी बारा वाजता जो घराबाहेर पडेल, त्याला तो मिळणार नाही. डोक्यावरचे ऊन चेहऱ्याच्या खोबणी काळ्या करते, भिंती पांढऱ्या फटफटीत करते आणि देवळावरचे कोरीव काम चक्क पुसून टाकते. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास मात्र असा असतो, की ऊन आडवे येते, दगडाच्या प्रत्येक उंचवट्याला सावली फुटते आणि आमची बदनाम धूळच हवेत सोन्यासारखी तरंगू लागते. शेजाऱ्यांनी मोरोक्कोत पहाटे पाचला उठून फोटो काढले होते. सोलापुरात ते आठापूर्वी उठत नाहीत. तेव्हा दोष कोणाच्या पदरात घालावयाचा?

सिद्धेश्वर तलावापासूनच आरंभ करू. बाराव्या शतकात सिद्धरामांनी हा तलाव खोदवला, असे परंपरा सांगते. पाण्याच्या मधोमध देऊळ आणि काठाला बहामनी काळापासूनच्या भुईकोट किल्ल्याची तटबंदी. हिवाळ्याच्या सकाळी वारा पडलेला असला, की देऊळ पाण्यात उलटे उतरते. संक्रांतीच्या सुमारास यात्रा भरते तेव्हा तर विचारूच नका. सात नंदीध्वज निघतात. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी त्या उंच उंच काठ्या कमरेच्या बळावर तोलत चालतात. यण्णीमज्जन म्हणजे तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम आणि शेवटी शोभेचे दारूकाम. सिद्धरामांवर मन जडलेल्या कुंभारकन्येचे लग्न त्यांच्या योगदंडाशी लागले, त्या कथेची ही दरसालची उजळणी. हजारो माणसांनी एकाच क्षणी उधळलेल्या अक्षता हवेत असतात तो पळ टिपण्यासाठी फोटोग्राफर मंडळी आजूबाजूच्या गच्च्यांवर जागा धरून बसतात. पण एक सांगून ठेवतो. त्या पळी ज्याच्या हातात मोबाईल असतो, त्याच्या हातात अक्षता नसतात. दोन्ही एकदम जमत नाही.

आता थोडे गावाबाहेर पडू. हैदराबादच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले, की धाराशिव जिल्ह्यातला नळदुर्ग किल्ला लागतो. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घालून, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, इ.स. १६१३ साली हे काम झाले. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी येऊन बांध भरला, की नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे त्यावरून कोसळू लागतात. महालाच्या सज्जात उभे राहून समोरून पडणारे पाणी पाहावयाचे, हा अनुभव मोरोक्कोतच काय, कोठेही सहजासहजी मिळणार नाही. ठगांवरची कादंबरी लिहून नावारूपाला आलेला मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३ नंतर काही वर्षे याच भागाचा कारभार पाहत होता. त्यालाही या बांधाची मोठी भूल पडली होती.

या महालात एक फारसी शिलालेख आहे. त्याचा आशय असा सांगतात, की या महालाकडे पाहताच मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंचे डोळे अंधारून जावेत. वाचकहो, चारशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्याला आपले काम 'पाहण्यासारखे' आहे हे ठाऊक होते आणि ते त्याने दगडावर लिहूनही ठेवले! डोळ्यांकरिताच बांधलेली ही वास्तू आहे. तिचा फोटो चांगला न येईल तरच नवल.

मात्र तेथे गर्दी कशी वागते तेही सांगितले पाहिजे. शेवाळलेल्या दगडावर पाठमोरे उभे राहून, हात लांब करून, पाण्यासह स्वतःला टिपण्याची धडपड चालू असते. त्यात पाण्याकडे पाठ असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. पाय घसरण्याचे भय तर आहेच. पण ते बाजूला ठेवले तरी ज्याने 'पाहताच डोळे उजळावेत' असे लिहिले, त्याच्याकडे पाठ करून उभे राहणे हा आम्हांला तरी थोडा अविनय वाटतो.

दुसरे ठिकाण दक्षिण सोलापूर तालुक्यातले, हत्तरसंग कुडल. येथे सीना नदी भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचे आणि जवळच हरिहरेश्वराचे अशी दोन प्राचीन देवळे आहेत. १९९९ साली येथील उत्खननात एक अपूर्व शिवलिंग मिळाले. त्याच्या अंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. प्रत्येक मुख बोटभर, पण त्यांच्या रांगा पाहताना डोळा दमत नाही. मराठीच्या शिक्षकाला मात्र येथे वेगळ्याच गोष्टीसाठी जावे लागते. संगमेश्वराच्या देवळातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा एक लेख कोरलेला आहे. मराठीतल्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा गावोगाव पेढे वाटले गेले. त्या आनंदातले किती जण ही तुळई पाहून आले असतील?

या लेखातील मराठी वाक्याचा अर्थ अभ्यासकांनी असा लावला आहे, की जो हे वाचील तो विजयी होईल. केवढे हे आश्वासन! दान दिले, देऊळ बांधले, युद्ध जिंकले म्हणून नव्हे; नुसते वाचले म्हणून विजय. हजार वर्षांपूर्वी ज्या कारागिराने हे कोरले, त्याला वाचणारा माणूस किती दुर्मीळ आणि किती मोलाचा वाटला असेल!

नळदुर्ग म्हणतो, पाहा. कुडल म्हणते, वाचा. एका जिल्ह्याच्या अंतरातले हे दोन लेख शेजारी ठेवले, की आमच्या शेजाऱ्यांच्या वाक्याचा उलगडा होऊ लागतो. काही जागा पाहता क्षणीच भेटतात. काही जागा वाचाव्या लागतात. कुडलची तुळई फोटोत अगदीच सामान्य येते. काळसर दगड, त्यावर काही खाचा. ज्याला ठाऊक नाही, तो बोटाने तो फोटो पुढे सरकवील.

गेल्या माघात आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. मंडपात शिरताच मुलांनी मोबाईल काढले आणि समोरून झगझगीत प्रकाश टाकून फोटो घेतले. फोटोत तुळई पांढरी सपाट!

"सर, इथं तर काहीच दिसत नाही," एक विद्यार्थिनी म्हणाली.

"प्रकाश समोरून टाकू नकोस. बॅटरी बाजूने, दगडाच्या अंगासरशी धर."

तिने तसे केले. कोरलेल्या खाचांत सावल्या उतरल्या आणि अक्षरे जणू दगडातून वर आली. सारी मुले क्षणभर गप्प झाली. मग एकाने एक अक्षर ओळखले, दुसऱ्याने दुसरे. "सर, हे 'जे' आहे का?" "अरे, हा 'व' बघ!" अर्धा तास असा कसा गेला ते कळले नाही. आडवा प्रकाश ही युक्ती अभ्यासक पूर्वीपासून जाणतात. ते ओला कागद दगडावर थोपटून शाईने ठसेही घेतात. पण ते जाणत्याचे काम. आपण कोणी हौसेपोटी अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये. त्याने फोटो उठावदार येतो हे खरे, पण दगड झिजतो. आणि हजार वर्षे टिकलेले अक्षर आपल्या एका फोटोपायी झिजावे, हे काही बरे नव्हे.

परतीच्या वाटेवर त्या मुलीने तो फोटो घरी पाठवला. तिच्या आईने फोनवर विचारले, "हे काय गं, दगडाचा फोटो कशाला काढलास?" मुलीने मोटारीतल्या मोटारीत आईला सारे समजावून सांगितले. शके म्हणजे काय, तुळई म्हणजे काय, 'वाचणारा' म्हणजे कोण. आम्ही पुढच्या आसनावर बसून ऐकत होतो. फोटो चांगला आला नव्हता. पण तो चांगला सांगता आला.

आता एका अशा जागेबद्दल लिहितो, जिचा फोटो फारच चांगला येतो आणि म्हणूनच तो काढताना मन कचरते. पुण्याच्या रस्त्याला, इंदापूर तालुक्यात पळसदेव नावाचे गाव आहे. भीमेवर उजनीचे धरण झाले तेव्हा जुने पळसदेव पाण्याखाली गेले. १९८० साली धरण पुरे झाले. त्याआधी कितीतरी गावे आपापले देव, उंबरे आणि जाती घेऊन उठली होती. पळसनाथाचे जुने देऊळ मात्र तेथेच राहिले. पाणी भरपूर असते तेव्हा फार तर त्याचे शिखर दिसते. उन्हाळ्यात जलाशय फार खाली गेला, की देऊळ हळूहळू वर येते; प्रथम शिखर, मग मंडप, मग ओवऱ्या. भेगाळलेला गाळ, त्यात उभे काळे देऊळ, मागे पाण्याची चांदीची रेघ आणि वरून उडणारे रोहित पक्ष्यांचे थवे. असा देखावा रंगवलेल्या पडद्यावरही साधायचा नाही. वर्तमानपत्रांत तो फोटो आला, की मोटारींची रीघ लागते.

पण तो फोटो म्हणजे काय? उजनीचा तळ दिसू लागल्याचा तो पुरावा. त्या पाण्यावर सोलापूर शहराची तहान भागते. दिवसाआड नव्हे, तर कित्येक दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय झालेल्या घरांत तो फोटो पाहून 'काय सुंदर!' म्हणावे की पिंपे तपासावीत? एका उन्हाळ्यात आम्ही तेथे गेलो असता एक म्हातारे गृहस्थ मंडपाशी उकिडवे बसले होते. ते फोटो काढायला आलेले नव्हते. त्यांनी काठीने गाळाकडे खूण करून सांगितले, "ते तिकडं आमचं घर. त्या पलीकडं पार होता. इथं बसून भजन व्हायचं." काठीच्या टोकाकडे पाहिले तर तेथे काहीच नव्हते, नुसता गाळ. शेजारी दोन तरुण मुले ड्रोन उडवण्याच्या खटपटीत होती. त्यांतल्या एकाने आजोबांना अदबीने विचारले, "आजोबा, जरा बाजूला बसता का? फ्रेममध्ये येताय." आजोबा काही न बोलता उठले आणि बाजूला बसले.

त्या मुलाचे वागणे उद्धट नव्हते. 'बसता का' असे त्याने मान देऊन विचारले होते. तरी त्या चित्रात बसण्याचा खरा हक्क कोणाचा होता, हा प्रश्न आमच्या मनातून अजून गेलेला नाही. आजोबा बाजूला झाले आणि देऊळ 'निर्जन' झाले. पाहणारे म्हणतील, किती गूढ, किती एकाकी! ते एकाकी नव्हते. त्याच्या ओळखीचे माणूस दहा हातांवर बसलेले होते.

काही ठिकाणी तर फोटो न काढणे हेच शहाणपणाचे. सोलापूरपासून जवळच नान्नजचा माळ आहे. येथील माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. उंचीला मीटरभर, वजनाला पंधरा किलोपर्यंत भरणारा हा रुबाबदार पक्षी. त्याची मादी उघड्या माळावर, नुसत्या जमिनीवर, एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. माणसाची चाहूल लागून ती उठली, की अंडे उन्हाच्या आणि कोल्ह्या-कावळ्यांच्या स्वाधीन. आज साऱ्या जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. आमच्या माळावर तर त्याचे दर्शन म्हणजे बातमीच. गवत पिवळे पडले, की काळविटांचे कळप तेथे सुरेख दिसतात. वाटेवरून, गाडीतून न उतरता त्यांचे फोटो खुशाल काढावेत. पण चुकून माळढोक दिसलाच, तर डोळे भरून पाहावा आणि कॅमेरा घेऊन त्याच्या मागे धावू नये. अशा पक्ष्याने घाबरून उडावे आणि ते उड्डाण आपण 'छान आले' म्हणून मिरवावे, यासारखी दुसरी विसंगती नाही.

राहता राहिली माणसे. सोलापूरचे खरे फोटोत येण्यासारखे वैभव म्हणाल तर पूर्वभागातल्या मागांवर आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे गिरण्यांच्या भोंग्यांवर गावाची घड्याळे लागू लागली. ते भोंगे थांबले. माग मात्र अजून खटखटतात. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरी चादरीला नाव मिळवून दिले. रंगवलेल्या सुताच्या लडी दोऱ्यांवर वाळत घातलेल्या असतात तेव्हा फेझच्या कुंडांची आठवण यावी. अशाच एका गल्लीत ओट्यावर एक बाई कांड्या भरीत बसल्या होत्या. खिडकीतून आलेले ऊन त्यांच्या हातावर आणि तांबड्या सुतावर पडले होते.

"मावशी, फोटो काढू का?"

मावशींनी मान वर केली. "काढा की हो सर. पण मला दाखवा. त्या दिवशी परदेशी लोक आले होते, वीस काढले. एक बी दाखवला नाही."

आम्ही काढला आणि दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेऊन, डोळे बारीक करून पाहिले. "हात काळा आला." म्हटले, "सावली आहे ती." "सावली नाही ओ, रंग हाय. निघत नाही तो," असे म्हणून त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्या फोटोची प्रत नेऊन दिली, तेव्हा ती त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या आरशात खोचली. त्यांचा नुसत्या त्यांचाच असा एकही फोटो घरात नव्हता, हे तेव्हा कळले. लग्नातल्या फोटोत त्या होत्या, पण मान खाली घातलेल्या.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तीत हौसेने वावरत होते. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी फोटोग्राफीचाच व्यवसाय करून पाहत होते आणि कॅमेरा माणसाचे आयुष्य शोषून घेतो या समजुतीशी त्यांना झगडावे लागले होते. आज त्या समजुतीला आपण हसतो. पण मावशींचे वीस फोटो घेऊन गेलेल्या पाहुण्यांचा विचार केला, की वाटते, काहीतरी नेले जाते हे त्या भोळ्या माणसांनी ओळखले होते. आयुष्य नव्हे, पण काहीतरी. ते परत आणून द्यावयाचा मार्ग मात्र अगदी सोपा आहे: विचारून काढावा, दाखवावा आणि एक प्रत नेऊन द्यावी.

आता शेजाऱ्यांना आमचे उत्तर असे. सोलापुरात आणि सोलापूरच्या आसपास फोटो काढण्यासारखी ठिकाणे पुष्कळ आहेत. उणीव आहे ती आपण तेथे पर्यटक म्हणून कधी जात नाही याची. परगावी आपण पहाटे उठतो, गल्लीबोळ हिंडतो, दारातल्या मांजराचेही कौतुक करतो. गावात आपली मांजराशी ओळखच नाही. मोरोक्कोला जरूर जावे. दूरचे पाहिल्यावाचून जवळचे ओळखू येत नाही, हेही तितकेच खरे. आम्हांला तर त्या फेझच्या फोटोवाचून पूर्वभागातल्या सुताच्या लडी अशा नव्याने दिसल्या नसत्या.

एक घरगुती सूचना मात्र आहे. या दिवाळीत कपाटातले जुने आल्बम काढा. काळ्या पानांवर कोपरे चिकटवून लावलेल्या फोटोंतला एखादा हळूच सोडवून उलटा करून पाहा. आमच्या वडिलांच्या पिढीने मागे निळ्या शाईने लिहिलेले असते: कोण, कोठे, कोणत्या साली, सोबत कोण होते. ज्याच्या मागे लिहिलेले आहे, तो फोटो आजही बोलतो. ज्याच्या मागे कोरे आहे, त्यातल्या सुंदर, हसऱ्या बाईंची ओळख सांगणारे आता घरात कोणी उरलेले नसते. मोबाईलमधल्या फोटोला पाठ नसते. तेव्हा वर्षातले निवडक पंधरावीस तरी कागदावर छापून घ्यावेत आणि मागे दोन ओळी लिहाव्यात. ते काम घरातल्या मुलांकडे द्यावे, म्हणजे शुद्धलेखनही होईल!

आणि सुटीत एखादा दिवस मोकळा असला, तर कुडलला जाऊन या. दिवाळीनंतर ऊन सोसवेलसे होते. नदीकाठी बसून खायला दशम्या आणि शेंगाची चटणी बरोबर घ्या. बॅटरी विसरू नका. ती बाजूने धरावयाची, एवढे लक्षात ठेवा.